चार काटे आणि एक घाट

मुळशीला जाणाऱ्या पुणेकरांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पावसाळ्यात जातो. ताम्हिणीच्या धबधब्याखाली भिजतो, भाजलेली कणसे खातो, धरणाच्या पाण्याकडे पाठ करून फोटो काढून घेतो आणि परतताना भूगावच्या रांगेत तासभर अडकून पडला म्हणजे निसर्गाविषयी बोलणे थांबवतो. दुसरा वर्ग बारमाही. त्याचे तिकडे कोणी ना कोणी असते. आत्या, मामा, भाचीचे सासर, निदान पिढीजात तांदूळवाला तरी. हा वर्ग धबधबे पाहत नाही. तो उतरल्याबरोबर "यंदा भात कसे आहे?" असे विचारतो आणि ओसरीवर बसतो.

मी विवाहसंबंधाने ह्या दुसऱ्या वर्गात दाखल झालो. सौभाग्यवतींचे मामा पौडच्या पुढे, धरणाच्या अलीकडे एका वाडीवर राहतात. वय अडुसष्ट, डोक्याला पांढरी टोपी, आवाज खणखणीत. गाव त्यांना तात्या म्हणते, आम्ही मामा म्हणतो आणि ते मला जावईबापू म्हणतात. हे संबोधन ज्यांना लाभले असेल त्यांना ठाऊक आहे, की त्यात जेवढा आदर असतो तेवढीच चेष्टाही असते. गेल्या वर्षी दिवाळी आठ दिवसांवर आली असताना त्यांचा फोन आला. "जावईबापू, गाडीचे काटे बसवायचेत. दोन दिवस काढून या. सोबत होईल."

मी सारा जन्म बँकेत काढला. जमा आणि नावे जुळवण्यापलीकडे कुठलीही यंत्रविद्या मला येत नाही. पण "सोबत होईल" हे शब्द मामांच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. मी गेलो.

पुण्याहून पौड साधारण तीस किलोमीटर. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात सुरुंग लावून पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टात तेथल्या नव्या उड्डाणपुलांचे उद्घाटन झाले; तेव्हापासून ह्या रस्त्याचे तोंड मोकळे झाले आहे. पोट मात्र अजून भरलेलेच. भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे ओलांडताना एकामागून एक मंगल कार्यालये, कारखाने आणि गृहसंकुलांच्या पाट्या मागे पडतात. हिंजवडीचे संगणकनगर ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात ताम्हिणीचे दाट रान आहे, हे नकाशा पाहिल्याखेरीज खरे वाटत नाही. पिरंगुट सोडले की डोंगर जवळ येतात, हवा बदलते, आणि आश्विनाच्या अखेरीस गेलात तर भाताचा वास येतो. अंबेमोहोर हा इथला मानाचा तांदूळ. आंब्याच्या मोहोराचा वास म्हणून ते नाव, आणि ते त्याला शोभते.

ह्या रस्त्यावर बसून कधी वाहने मोजा. मोटारी शहरातून येतात आणि शहरात जातात. तालुका चालतो तो दुसऱ्याच गाड्यांवर. दुधाच्या किटल्या, भाताची पोती, पेंढा, विटा, मांडवाचे खांब, गणपती, वऱ्हाड, प्रसंगी बाळंतीण, असे सारे ज्या छोट्या मालवाहू गाड्यांतून जाते त्यांना कोणी पिकअप म्हणतात, कोणी टेंपो म्हणतात. हा टेंपो शब्द मुळात एका जर्मन बनावटीचा. हँबर्गच्या तीनचाकी गाडीचे ते नाव. १९५८ साली बजाज टेंपो ही कंपनी निघाली, ती तीनचाकी आपल्याकडे तयार होऊ लागली आणि बघता बघता छोट्या मालवाहू गाडीला मराठीत टेंपो म्हणण्याचा प्रघात पडला. त्याच्याही आधी, १९४७ साली, महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली होती. लढाईवरून आलेल्या त्या जीपने पुढे नांगरटीच्या गावापर्यंत वाट काढली. पिकअप ही तिचीच धाकटी बहीण म्हणायची.

मामांची पिकअप कोणत्या कंपनीची, हे सांगायचे कारण नाही. ती तीस वर्षांची आहे, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या पोटातली रचना साधारण सारखीच. रंग एकेकाळी निळा होता. पुढच्या काचेवर "आई विंझाई प्रसन्न" लिहिलेले आहे. विंझाई ही ताम्हिणीची देवी. सकाळी वाड्यावाड्यांवरचे दूध गोळा करायचे, दुपारी मिळेल ते भाडे, आणि दिवाळीच्या तोंडावर तांदळाची पोती घाट उतरून कोकणात पोचवायची, हा तिचा आणि मामांचा नेम.

श्रावणात ह्या नेमात खंड पडला. संध्याकाळची वेळ, ताम्हिणीत धो धो पाऊस, दिवे लावलेले, मागे माल. घाट चढताना इंजिन उकळले. मामांना कळले तेव्हा बॉनेटखालून वाफ निघत होती. हेड उतरवावे लागले, गॅस्केट बदलावे लागले, दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. मामांचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. शहाणा, मायाळू मुलगा. त्याने बिल भरले आणि शांतपणे सांगितले, "आप्पा, दिवाळीपर्यंत चालवा. पुन्हा उकळली तर भंगारात. मी महिन्याला पैसे पाठवीन, तुम्ही घरी बसा."

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेसची तपासणी द्यावी लागते, आणि जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे सरकारी धोरण २०२१ साली जाहीर झाले आहे. तेव्हा मुलाचे म्हणणे काही वावगे नव्हते. पण मामांना पैसे नको होते. त्यांना सकाळी साडेपाचला उठून कुठेतरी जायचे होते. "घरी बसा" हे दोन शब्द अडुसष्टाव्या वर्षी कसे लागतात, हे मी बँकेतून निवृत्त झालो त्या सकाळी शिकलो आहे.

आता काट्यांविषयी. वेगाचा मोठा काटा सोडला तर चालकापुढच्या फळीवर चार काटे असतात. एक डिझेलचा, एक इंजिनाच्या उष्णतेचा, एक तेलाच्या दाबाचा आणि एक विजेच्या आवक-जावकीचा. मामांच्या गाडीत तेलाचा तेवढा शुद्धीवर होता. विजेचा काटा कैक वर्षे मध्यावर चिकटून बसलेला. आणि उरलेल्या दोघांची तऱ्हा अशी, की दिवे लावले की दोन्ही काटे एकदम वर सरकत. टाकीत डिझेल वाढे आणि इंजिन तापे! दिवे मालवले की डिझेल कमी होई आणि इंजिन निवे. "दिवे लावणे" ह्या आपल्या जुन्या वाक्प्रचाराला एखाद्या गाडीने इतके शब्दशः घेतलेले मी कधी पाहिले नव्हते.

घरात ह्यावर विनोद होत. पण विनोदाची बाजू संपली की हिशेब उरतो. दिवे लागले म्हणजे उष्णतेचा काटा चढायचाच, हे मामांना इतके अंगवळणी पडले होते, की श्रावणातल्या त्या संध्याकाळी तो खरोखर चढला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. रोज लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या गुराख्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. मामांच्या गाडीत तो गुराखी पुढच्या फळीवरच बसला होता. डिझेलसाठी तर त्यांनी बांबूची एक कामटी करून ठेवली होती. तिच्यावर विळ्याने खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे पाच लिटर. टाकीत कामटी बुडवायची, ओली कुठवर झाली ते पाहायचे. कामटी कधी चुकली नाही. पण इंजिनाच्या तापाला कामटी कुठली आणणार?

पौडच्या रस्त्याला एक वायरमन आहे. टपरीएवढे दुकान, बाहेर दोन ट्रॅक्टर, एक रिक्षा, शेजारी चहाचे हॉटेल. वायरमन तिशीचा, आयटीआयमधून शिकलेला, बोलायला कमी. त्याने प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवले आणि मगच पुढची फळी खोलली. "तात्या, हे आधी सोडवायचं. नाहीतर पान्हा कुठंतरी टेकतो आन् वायर पेटती." फळीमागचा तो पसारा मी पाहिला आणि बँकेच्या जुन्या रेकॉर्ड-रूमची आठवण झाली. तीस वर्षांत जो आला त्याने हाताला लागली ती तार जोडली होती. जुन्या गाड्यांत इंग्लंडातल्या लुकास कंपनीची रंगपद्धत पुष्कळ चाले: तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी चावीनंतरची, हिरवी फ्यूजमधून गेलेली, काळी अर्थची. इथे सगळ्या तारा धुळीच्या रंगाच्या झाल्या होत्या, आणि मामांची गाडी भाताच्या कणगीशेजारी उभी राहत असल्यामुळे उंदरांनी जागोजाग तांबे उघडे पाडले होते.

गाडीतल्या विजेचा व्यवहार काटकसरीचा आहे. घरात दिव्याला दोन तारा लागतात, एक येणारी, एक जाणारी. मोटारीत येणारी तेवढी तार. परत जाण्याचे काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला बांधलेले असते. दिवा, भोंगा, काटा, ज्याचे त्याचे काम झाले की वीज आपल्या बुडाशी असलेल्या लोखंडातून बॅटरीकडे परतते. ह्या परतीच्या वाटेला गॅरेजात "अर्थ" म्हणतात. येणे बरोबर आहे आणि परत जाणे अडले, तर खाते जुळत नाही. हे मला लगेच समजले. बँकेत दुसरे काय होते?

आता मुळशीचा पाऊस. घाटमाथ्यावरचा, आडवा, चार महिने न थांबणारा. तो पत्र्याच्या सांध्यांत शिरतो, स्क्रूखाली गंज धरतो, आणि जिथे लोखंडाला लोखंड टेकलेले असायचे तिथे तांबड्या भुकटीचा पापुद्रा बसतो. वीज त्यातून अडखळत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला तार जागेवर, स्क्रू जागेवर. दोष डोळ्यांना दिसत नाही.

वायरमनने काट्यांच्या मागून काडेपेटीएवढी पत्र्याची डबी काढून दाखवली. तिला स्टॅबिलायझर म्हणतात. बॅटरी बारा व्होल्टची म्हणायची, पण इंजिन बंद असताना ती साडेबारावर असते आणि चालू असताना चौदापर्यंत जाते. अशा चढउतारावर काटा चालवला तर डिझेल तेच असून तो रोज वेगळे सांगेल. म्हणून ही डबी. तिच्यात दोन धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. वीज गेली की ती तापते, तापली की वाकते, वाकली की जोड तुटतो; निवली की पुन्हा जोडला जातो. अशी उघडझाप करत ती काट्यांना सरासरी दहा व्होल्ट पुरवते. काट्यांच्या आतही तसलीच पट्टी असते, म्हणून हे काटे सावकाश चढतात आणि टाकीत डिझेल हिंदकळले तरी नाचत नाहीत. वायरमनने बॅटरी घटकाभर जोडली, बारा व्होल्टचा एक बल्ब डबीच्या टोकाला लावला. बल्ब एकसारखा जळत राहिला. मग त्याने डबीच्या पत्र्याला एक काळी तार टेकवून ती थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली. थोड्या वेळाने बल्ब लुकलुकू लागला.

"बगा, डोळा मारतोय," तो म्हणाला. "म्हंजे डबी चांगली हाय. अर्थ न्हाई."

सारे रहस्य एवढेच होते. ही डबी दहा व्होल्ट मोजते ते आपल्या अर्थपासून. तिचा अर्थ गंजलेल्या एकाच स्क्रूमधून जात होता आणि फळीवरच्या दिव्यांचाही त्यातूनच. दिवे लावले की त्यांची वीज त्या अरुंद वाटेवर तुंबे, आणि डबीचे शून्यच वर उचलले जाई. मुलाची उंची भिंतीवर मोजताना आपण मूल जमिनीवर उभे करतो. ते हळूच पाटावर चढले तर मोजणाऱ्याची पट्टी खरी असून आकडा खोटा येतो. दोन्ही काटे असे पाटावर चढत होते.

उष्णतेच्या काट्याची दुसरी गंमत इंजिनात सापडली. इंजिनाच्या डोक्यात, पाण्याच्या वाटेवर, एक पितळी बोंडूक असते. त्यातला मणी तापला की विजेला त्याचा विरोध कमी होतो, वीज जास्त जाते, काटा चढतो. हा मणी आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो. श्रावणात हेड उतरवले तेव्हा ते बोंडूक परत बसवताना कोणीतरी त्याच्या आट्यांवर नळकामातली पांढरी टेप जाडजूड गुंडाळली होती. पाणी गळू नये हा हेतू चांगला. पण टेपने अर्थही अडवला. म्हणून दुरुस्तीनंतर तो काटा मेल्यागत पडून होता. आधी उगाच ओरडत होता, आता खरोखर आग लागली तरी बोलला नसता. मामा हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. दोन महिने ते त्या गाडीतून घाट उतरत होते.

वायरमनने बोंडकाची तार सोडवली, काटा थंडीकडे पडलेला दाखवला; तीच तार क्षणभर इंजिनाला टेकवली, काटा हळूहळू उष्णतेकडे निघाला. लगेच त्याने ती काढली, कारण अशी तार फार वेळ टेकवली तर काट्याची पट्टी जळते. तार ठीक, काटा ठीक, तेव्हा दोष बोंडकात किंवा त्याच्या अर्थमध्ये. ही युक्ती मला फार आवडली. एखाद्याला खोटे ठरवण्याआधी त्याला एकदा खरे बोलायची संधी द्यावी, अशातला हा प्रकार.

मग दिवसभर काम चालले. नव्या तारा, प्रत्येकीच्या टोकाला दाबून बसवलेले थिंबल, इंजिन आणि केबिन ह्यांमधल्या पत्र्यातून तार जाते तिथे रबराची कडी, म्हणजे पत्र्याच्या धारेने तार सोलत नाही. काट्यांच्या विजेला स्वतंत्र फ्यूज. आणि काटे, डबी, फळीवरचे दिवे ह्या सर्वांसाठी एक जाड काळी तार थेट सांगाड्यापर्यंत. सांगाड्यावर ती बसवायची जागा वायरमनने पॉलिश पेपरने घासून चांदीसारखी केली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासले. "घासल्यावर ग्रीस न्हाई लावलं तर पुढच्या आखाडात पुन्हा तेच," तो म्हणाला. टाकीतल्या फ्लोटलाही त्याने वेगळी अर्थची तार दिली.

विजेच्या आवक-जावकीचा काटा त्याने काढूनच टाकला. जुन्या पद्धतीत गाडीची जवळजवळ सगळी वीज ह्या अँमीटरमधून वाहते. मागची नट सैल झाली की ती जागा तापते आणि वायरिंग पेटते. त्याच्या दोन्ही तारा एका पक्क्या जोडात बांधून त्या जागी त्याने व्होल्टमीटर बसवला. ह्याला फक्त बारीक तार पुरते. इंजिन चालू असता काटा चौदाच्या आसपास पाहिजे. साडेबाराच्या खाली रेंगाळला तर समजावे, बॅटरी भरत नाही; बहुधा पट्टा ढिला. आणि ज्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो त्याच पट्ट्यावर ह्या गाडीचा पाण्याचा पंपही फिरतो. म्हणजे श्रावणात जो पट्टा सटकला त्याची वर्दी हा काटाही देऊ शकला असता. दोन साक्षीदार होते. एक मुका, एक खोटारडा.

तेलाच्या दाबाच्या काट्याला मात्र कोणी हात लावला नाही. इंजिनातले तेल बारीक नळीने थेट काट्यामागे येते आणि तिथल्या वाकड्या नळीला दाबाने सरळ करू पाहते; ती हलली की काटा हलतो. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ नावाच्या कारागिराने १८४९ साली ही नळी काढली. तिला वीज नको, अर्थ नको. तीस पावसाळे तिने खरे सांगितले होते. वेगाच्या काट्याची तुटलेली केबल तेवढी बदलली.

शेवटी परीक्षा. चहावाल्याच्या स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवले, बोंडूक तारेने बांधून त्यात सोडले, त्याच्या अंगाला अर्थची तार जोडली. पौडचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच, म्हणून इथे पाणी शंभराच्या थोडे अलीकडे, अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. उकळी फुटली तेव्हा काटा जिथे थांबला तिथे वायरमनने काचेवर नेलपॉलिशचा तांबडा ठिपका दिला. "ह्याच्या अलीकडं हाय तोवर चालवा. टेकला की थांबा. आन् थांबल्यावर झाकण उघडायचं न्हाई." रेडिएटरचे झाकण दाबाचे असते, दाबामुळे आतले पाणी उकळबिंदूच्या वरही द्रवच राहते, आणि झाकण उघडले की एकदम उसळून अंगावर येते. डिझेलच्या काट्याची परीक्षा मामांनी स्वतः घेतली. कामटी बुडवली, चार खाचा ओल्या. काटा अर्ध्यावर. टाकी चाळीस लिटरची. मामा हसले नाहीत, पण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी तांदूळ भरून आम्ही घाटाकडे निघालो. मुळशीचे धरण उजव्या हाताला पसरलेले, पाणी काठोकाठ. ह्या पाण्याची कथा प्रत्येक मराठी माणसाने ऐकावी अशी आहे. मुळेचे पाणी स्वभावाने पूर्वेला जायचे. पुण्यात मुठेला मिळून, भीमेतून, कृष्णेतून, बंगालच्या उपसागराला. टाटांच्या योजनेने ते अडवून पश्चिमेला वळवले. बोगद्यातून आणि नळांतून ते सह्याद्रीखाली भिरा येथे उतरते, तिथल्या चक्क्या फिरवते आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले आणि वीज मुंबईला गेली. त्यासाठी ज्यांची भातखाचरे बुडायची होती त्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. "सेनापती" ही पदवी त्यांना ह्याच लढ्याने दिली. लढा १९२४ पर्यंत चालला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले.

मामांच्या आजोबांचे खाचर त्या पाण्यात आहे. मामांनी स्टीअरिंगवरचा एक हात उचलून दाखवले, "तिथं कुठंतरी." कडवटपणा नव्हता. जरा वेळाने ते म्हणाले, "जावईबापू, काल तो पोरगा अर्थ-अर्थ म्हणत होता. म्हंजे जमीनच ना? आमची जमीन घेऊन मुंबईनं दिवे लावले. चांगले लावले, माझा भाऊ गिरणीत होता, त्याच्या डोक्यावर जळायचे. पर माझ्या गाडीला वीतभर काळी वायर मिळायला तीस वर्सं लागली." आणि स्वतःच मोठ्याने हसले.

ताम्हिणीत विंझाईला नारळ झाला. २०१३ पासून हे रान अभयारण्य आहे. उतरताना दोन्ही बाजूंनी झाडी इतकी जवळ येते की भर दुपारी तिन्हीसांज वाटते. उतार सोपा. विळ्याला, घाटाच्या पायथ्याशी, पोती उतरवली, जेवलो, आणि परतीला मामांनी नारळ-सुपारी आणि भिंतीच्या चुन्याची पोती भरून घेतली. "रिकामी गाडी चढवून काय कळणार?" ते म्हणाले.

चढाला लागलो तेव्हा सूर्य कोकणात उतरत होता. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत होते. मी डोंगराकडे पाहण्याचे सोडून तांबड्या ठिपक्याकडे पाहत बसलो. निम्मा घाट झाला आणि काटा चढू लागला; सावकाश, पण निश्चित. व्होल्टचा काटा चौदावर ठाम, म्हणजे पट्टा शाबूत. तेल ठीक. भार आणि चढ, एवढेच कारण. ठिपक्याला बोटभर अंतर उरले तेव्हा मामांनी काही न बोलता गाडी वळणावरच्या रुंद जागेत घेतली, चाकाला दगड लावला आणि इंजिन बंद न करता तसेच सावकाश फिरत ठेवले, म्हणजे पंप चालू राहतो आणि पाणी खेळते. आम्ही कठड्यावर बसलो. खाली विळ्याचे दिवे लागत होते, पलीकडे भिऱ्याच्या बाजूला उजेडाचा एक पुंजका. दहा मिनिटांनी मामांनी आत डोकावले. काटा निम्म्यावर उतरला होता.

अंधार पडला होता. मामा चालकाच्या जागी बसले, दिव्याच्या बटणावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. दिवे लागले. समोरचा रस्ता पिवळा उजळला, फळीवरचे बारके दिवे पेटले. आम्ही दोघेही वाट पाहत राहिलो. हे काटे सावकाश चढणारे. मिनिट गेले, दोन मिनिटे गेली. दोन्ही काटे होते तिथेच होते.

मामांनी मुलाला फोन लावला. एवढेच म्हणाले, "घाट चढून येतोय. लक्ष्मीपूजनाला सकाळचं दूध टाकूनच घरी येईन. तुम्ही लोक दहापर्यंत या."

माथ्यावर आल्यावर धरणाचे पाणी दिसू लागले. बाकाच्या मागे ती खाचांची कामटी होती. आता हिचे काय काम, असे मी विचारले. "असू द्या की," मामा म्हणाले, "म्हातारी झाली म्हणून काय घरी बसवायची?"